वासाला तारीख नसते

८ मार्च २०१८. रात्री अकराच्या सुमारास पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आवाज इतका मोठा होता की कित्येक किलोमीटरवरची माणसं भूकंप झाला असं समजून घराबाहेर आली. तिघांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी बोईसर हे नाव मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या वाहिन्यांवर होतं. ११ जानेवारी २०२० ला संध्याकाळी कोलवड्याजवळ पुन्हा स्फोट झाला, त्यात किमान सात माणसं गेली. पुन्हा कॅमेरे आले, मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या नातेवाइकांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. दोन-तीन दिवसांत कॅमेरे परतले.

या दोन स्फोटांच्या मधल्या काळात वसाहतीच्या शेजारच्या पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे या गावांत काय चाललं होतं? जे आधी चाललं होतं आणि नंतरही चालू राहिलं तेच. रात्री उग्र वास, सकाळी डोळ्यांची चुरचुर, विहिरीच्या पाण्याबद्दलची शंका. या गोष्टी छापून येत नाहीत असं नाही. येतात, पण वर्षाकाठी काही वेळा, आतल्या पानावर, दोन-तीन परिच्छेदांत. यावर गावातला माणूस दोनच निष्कर्ष काढतो: एक तर पत्रकार विकले गेलेत, नाहीतर झोपलेत. खरं तर बोईसरचा वार्ताहर बोईसरमध्येच राहतो. वास त्याच्याही खिडकीतून येतो. मग त्या वासाची बातमी होताना नेमकी कुठे अडते, हे पाहण्यासारखं आहे.

बातमीच्या निवडीचा अभ्यास करणाऱ्यांनी पहिला मोठा धडा अमेरिकेतल्या एका लहान शहरातून घेतला. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात एका वृत्तपत्राच्या तार-संपादकाला एक विनंती केली: आठवडाभर जी बातमी टाकून द्याल तिच्यावर कारण लिहून ठेवा. १९५० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आलेल्या मजकुरापैकी साधारण नऊ दशांश मजकूर टोपलीत गेला होता. कारणं अगदी साधी होती. जागा नाही. हे कालच छापलं. यात रस वाटला नाही. ना कट, ना दबाव. एका माणसाच्या टेबलावर एका संध्याकाळी जेवढं मावलं तेवढंच दुसऱ्या दिवशी शहराला 'घडलेलं' वाटलं.

पुढे १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी तिथल्या चार वृत्तपत्रांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या कशा दिल्या हे तपासलं आणि घटनेची बातमी कशामुळे होते याची बारा कारणं मांडली. त्यांतली दोन आपल्या विषयाला थेट लागू पडतात. पहिलं कारण लयीचं. वृत्तपत्र रोज निघतं, म्हणून एका दिवसात सुरू होऊन संपणारी घटना त्याला सोयीची. दुसरं उंबरठ्याचं. घटना एका मर्यादेपेक्षा मोठी झाल्याशिवाय तिच्याकडे लक्ष जात नाही. स्फोट या दोन्ही कसोट्यांना उतरतो: त्याला वेळ आहे, ठिकाण आहे, मृतांचा आकडा आहे. विहिरीचं पाणी वीस वर्षांत हळूहळू बिघडतं तेव्हा 'आज काय झालं?' या डेस्कच्या प्रश्नाला गावाकडे उत्तर नसतं. कालही तसंच होतं, परवाही तसंच होतं.

मग अशा संथ गोष्टीची ठळक बातमी कधी होते? तिला कुणीतरी बाहेरून तारीख आणि आकडा दिला की. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचा निर्देशांक देतं. २००९ च्या यादीत तारापूरला ७२.०१ गुण होते. सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं. ती यादी जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. पामच्या हवेत आदल्या दिवसापेक्षा काहीही वेगळं नव्हतं. फक्त उपसंपादकाच्या हातात शीर्षकात बसेल असा एक आकडा आला होता, आणि तो दिल्लीहून आला होता. गावकऱ्याने 'लई वास येतो' म्हटलं तर तो आरोप होतो. मंडळाने ९३.६९ म्हटलं की ती माहिती होते.

तारीख द्यायचं दुसरं ठिकाण म्हणजे न्यायालय. औद्योगिक सांडपाण्यामुळे मुरबे-खारेकुरणची खाडी आणि किनारपट्टीची मासेमारी बाधित होते अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मच्छीमार ही तक्रार त्याआधी कित्येक वर्षं करत होते. लवादात अर्ज गेल्यावर मात्र तिला वेळापत्रक मिळालं: आज सुनावणी, आज समिती नेमली, आज समितीचा अहवाल, आज राज्याच्या प्रदूषण मंडळावर ताशेरे. २०२२ च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली, तोवर हा विषय सहा वर्षं अधूनमधून पानावर राहिला. वार्ताहराच्या दृष्टीने न्यायालयाचा आणखी एक मोठा फायदा असतो. आदेशात जे लिहिलंय ते छापल्याबद्दल त्याला अब्रुनुकसानीची नोटीस येत नाही. अमुक कारखाना रात्री टँकरने सांडपाणी सोडतो असं स्वतःच्या भरवशावर लिहिलं, तर ती नोटीस येऊ शकते, आणि वकिलाचा खर्च कोण देणार हे ठरलेलं नसतं.

आता हा वार्ताहर म्हणजे नेमका कोण ते जरा जवळून पाहू. मुंबईत बसून वृत्तपत्र म्हटलं की पगारी बातमीदार, बीट, कॅन्टीन असं चित्र उभं राहतं. तालुक्याला तसं नसतं. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतोच. त्याला मानधन मिळतं, ते तुटपुंजं असतं, काहींना तेही नाही. त्याचं घर दुसऱ्या कशावर तरी चालतं: शिकवणी, झेरॉक्सचं दुकान, विमा, शेती, बायकोची नोकरी. बातमीशिवाय त्याच्याकडे आणखी एक काम असतं, ते म्हणजे जाहिरात आणणं. दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्याचा वाढदिवस. जाहिरातीवर त्याला कमिशन मिळतं आणि पुष्कळांची खरी मिळकत तीच. आता बोईसरमध्ये जाहिरात देऊ शकणारे कोण? कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, खासगी शाळा आणि रुग्णालयं, राजकीय पुढारी, ग्रामपंचायती. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न विचारायचे, त्यांच्याच दारात पुरवणीच्या वेळी जायचं. कुणी 'ही बातमी छापू नका' असा फोन करतोच असं नाही. बहुतेक वेळा तशी गरजच पडत नाही. कुठली बातमी पाठवली की दिवाळीत कुठलं दार बंद होईल, हे वार्ताहराला न सांगता कळतं. मला यात फार मोठी खलनायकी दिसत नाही. एकाच माणसाकडे बातमी आणि वसुली दोन्ही कामं देणारी ही व्यवस्था मात्र वाईट आहे, आणि ती वृत्तपत्रांच्या मालकांनी जाणूनबुजून उभी केली आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा गवगवा झाला, पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल काढला. तेव्हा सगळ्यांनी खालच्या माणसाला झोडपलं. बातमीचं पॅकेज ठरवणारे वरच्या मजल्यावर होते.

अशा वार्ताहराचा दिवस कसा जातो? सकाळी व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोलिसांची प्रेसनोट येते: दारू पकडली, गुटख्याचा टेम्पो पकडला, चोरीतला आरोपी चोवीस तासांत जेरबंद. सोबत जप्त मालामागे उभ्या पोलिसांचा फोटो. जिल्हा माहिती कार्यालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीची नोट येते. राजकीय पक्षाचा कार्यकर्ता निवेदनाचा फोटो पाठवतो, त्यात निवेदन देणारे सात, घेणारे तहसीलदार एक आणि बारा जणांची नावं. शाळा स्नेहसंमेलनाची बातमी स्वतःच लिहून पाठवते, शीर्षकासकट. दुपारपर्यंत दहा-बारा बातम्या हात न हलवता जमलेल्या असतात. त्या सगळ्यांत नाव आहे, तारीख आहे, फोटो आहे, जबाबदारी दुसऱ्याची आहे. संध्याकाळी त्या मोबाइलवरूनच डेस्ककडे जातात. पामच्या विहिरीची बातमी करायची तर काय लागेल? गाडीत पेट्रोल घालून जायचं, चार घरांत बसायचं, पाण्याचा नमुना तपासून घ्यायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला गाठायचं, तो 'माहिती घेऊन सांगतो' म्हणणार, दोन दिवसांनी परत फोन करायचा. एवढं करून मानधन तेवढंच, जेवढं गुटख्याच्या टेम्पोला. सोपं गणित आहे. म्हणून पानावर टेम्पो दिसतो.

निवेदनाच्या फोटोला हसू नये, हेही खरं. त्या बारा नावांमुळे उद्या बारा घरांत अंक विकत घेतला जातो किंवा निदान बारा जणांच्या स्टेटसवर कात्रण चढतं. स्थानिक वृत्तपत्र हे गावाचं हजेरीपुस्तकही आहे. दहावीत कोण पहिलं आलं, कुणाची सरपंचपदी निवड झाली, कुणाचं निधन झालं, हे कळावं असं लोकांना मनापासून वाटतं, आणि ते राष्ट्रीय वाहिनी सांगणार नाही. काही बातम्या तर पंचांगासारख्या ठरलेल्या तारखांना येतात. १४ ऑगस्टला पालघरच्या १९४२ च्या पाच हुतात्म्यांना अभिवादन. १ जूनला मासेमारी बंदी सुरू, जुलै संपताना बोटींची डागडुजी, नारळी पौर्णिमा. पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला तेव्हा सातपाटीला कॅमेरे गेले, ते योग्यच झालं. अडचण एवढीच की ठरलेल्या बातम्यांनी पान आधीच निम्मं भरलेलं असतं.

शिवाय ते पान किती मोठं आणि कुणाचं, हाही प्रश्न आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. त्याआधी मोखाड्याची बातमी ठाणे जिल्ह्याच्या पानावर ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर यांच्याशी स्पर्धा करत होती. जिल्हा झाल्यावर जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले, जिल्हा परिषद आली, म्हणजे रोज काहीतरी सांगणारी आणि ज्यांना रोज काहीतरी विचारता येतं अशी कार्यालयं आली. नकाशावर नवी रेघ ओढली की बातम्या वाढतात, हे पालघरच्या लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलं. पण नव्या जिल्ह्याच्या आतही समतोल नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २९,९०,११६. त्यातले १३,४३,४०२ एकट्या वसई तालुक्यात, मोखाड्यात ८३,४५३. अंक वसई-विरारला खपतो, जाहिरात वसई-विरारमधून येते, आणि मोठ्या दैनिकांचं पालघरचं पान लावणारा उपसंपादक बहुधा ठाण्यात नाहीतर मुंबईत बसतो. त्याने पाम कधी पाहिलेलं नसतं. नालासोपाऱ्यातली पाणीटंचाई त्याला लगेच कळते, कारण त्याचा मावसभाऊ तिथे राहतो.

पाण्याचंच घ्या. सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण मूळ सिंचनासाठी बांधलेलं. त्यातलं दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. शहरी पानावर याची बातमी 'पाणी कधी येणार?' अशी. डहाणू-पालघरच्या शेतकऱ्यासाठी तीच बातमी 'आमचं पाणी कुठे चाललं?' अशी. पाणी एक, जलवाहिनी एक, कधीकधी दैनिकही एकच. कुठलं शीर्षक मोठ्या अक्षरांत लागणार हे वाचकांच्या संख्येनं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

संख्येसोबत संघटनाही मोजावी लागते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत, समाजाच्या परिषदा आहेत, बोलायला माणसं आहेत. डहाणू ते वैतरणा पट्ट्यातल्या रेल्वे प्रवाशांच्या संघटना आहेत. १६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत धावू लागली तेव्हापासून गाडी उशिरा आली, डबा कमी केला, थांबा काढला, की संध्याकाळपर्यंत पत्रक निघतं. बातमी होते, कधी कधी गाडीही परत मिळते. आता बोईसरच्या चाळींत एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे बघा. तो उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला. इथे मतदार नाही, मराठी अंक वाचत नाही, तक्रार केली तर उद्या कामावर घेणार नाहीत. जिल्ह्याचा सगळा औद्योगिक डोलारा त्याच्या खांद्यावर आहे आणि स्थानिक वृत्तपत्रात त्याचं नाव एकदाच येतं, मृतांच्या यादीत. ऑगस्ट २०२५ मध्ये तारापूरला वायुगळतीत चार कामगार दगावले, तेव्हाही तसंच झालं. त्यांना हातमोजे मिळत होते का, मास्क मिळत होते का, ओव्हरटाइमचे पैसे मिळत होते का, ही बातमी त्यांच्या हयातीत झाली असती तर उपयोगाची होती. हा माझ्या मते पालघर-बोईसरच्या पत्रकारितेतला सर्वांत मोठा खड्डा आहे, प्रदूषणापेक्षाही मोठा, कारण प्रदूषणाबद्दल बोलणारे निदान आहेत.

उंबरठ्याची गोष्ट डहाणू-तलासरीच्या भूकंपांत स्पष्ट दिसली. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. लहान लहान, पण सतत. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले, सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा, आणि घाबरून पळताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर तंबू आले, मंत्री आले, शास्त्रज्ञ आले, मुंबईचे पत्रकार आले. पुढेही धक्के चालू राहिले, पण तीनच्या आतला धक्का आता एका ओळीत जातो. थंडीत घराबाहेर झोपणाऱ्या माणसाला २.८ आणि ३.१ यांत फरक वाटत नाही. पानावर मात्र तो फरक एका ओळीचा आणि चार कॉलमांचा असतो.

कुपोषणाचंही असंच, फक्त त्याला हंगाम आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तेव्हापासून पावसाळा आला की या विषयाच्या बातम्या उगवतात आणि दिवाळीला मावळतात. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मोखाड्यातल्या खोच गावी बालमृत्यूनंतर तत्कालीन आदिवासी विकासमंत्री गेले, गावकऱ्यांनी त्यांना घेराव घातला, आणि मंत्र्यांच्या एका बेफिकीर उद्गारावर दोन-तीन दिवस गदारोळ झाला. उद्गाराची बातमी मुलाच्या मृत्यूपेक्षा मोठी झाली. कारण उद्गाराची चित्रफीत होती. अंगणवाडी सेविकेचं रखडलेलं मानधन, बंद पडलेली रुग्णवाहिका, रोजगार हमीची थकलेली मजुरी, याची चित्रफीत कशी काढणार?

बाहेरची माध्यमं येतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर, मुलं पळवणारे आल्याच्या अफवा पाड्यापाड्यांत फिरत होत्या, लोक रात्री गस्त घालत होते. दोनच दिवस आधी त्याच परिसरात धान्य वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरच्या गाडीवर जमावाने हल्ला केला होता. हत्येनंतर देशभरच्या वाहिन्यांनी पालघर हे नाव उचललं आणि त्यावर धार्मिक रंग चढवला. शेवटी तो रंग पुसण्यासाठी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना २२ एप्रिलला अटकेतल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध करावी लागली. दूरच्या स्टुडिओकडे चौकट तयार होती, त्यांना फक्त गावाचं नाव हवं होतं. अफवा कशी पसरली, का पसरली, आधीच्या हल्ल्यानंतर गावांत कोण बोलायला गेलं, हे विचारू शकणारे तिथल्या पायवाटा माहीत असलेले स्थानिक वार्ताहरच होते. या अफवांची बातमी १४ तारखेच्या हल्ल्यानंतर ठळक लागली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. पण स्थानिक बातमीचं काम काय, हे त्या दोन दिवसांवरून कळतं.

वाढवण बंदराची गोष्ट वेगळ्या अर्थाने शिकवणारी आहे. इथे विषय मोठा, विरोध संघटित आणि तारखांची कमतरता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये हे बंदर नाकारलं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने हिरवा कंदील दिला. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये पायाभरणी केली. पंचवीस वर्षं हा प्रश्न स्थानिक वृत्तपत्रांनी जिवंत ठेवला, हे त्यांचं श्रेय. मोर्चे, ठराव, काळे झेंडे, मतदानावर बहिष्काराचे इशारे, सगळं त्यांनी नोंदवलं. मंजुरीनंतर मात्र पानाचा सूर बदलत गेला: रोजगार किती, जमिनीचे भाव किती, विमानतळ कुठे. पूर्ण पानाच्या जाहिरातीही आल्या. जाहिरात बातमीला खोडत नाही, पण शेजारच्या पानावरची दोन कॉलमांची बातमी तिच्यापुढे लहान दिसते.

लोकांना काय महत्त्वाचं वाटावं हे माध्यमं ठरवतात का? मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिल इथे शंभर कुंपणावरच्या मतदारांना विचारून पाहिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापला: माध्यमांत ज्या क्रमाने विषय मोठे, जवळपास त्याच क्रमाने ते मतदारांच्या मनात मोठे. याचा गावाकडचा अर्थ थोडा वेगळा आहे. पामच्या माणसाला वासाचा त्रास वर्तमानपत्राने सांगावा लागत नाही. पण तो छापून येतो तेव्हा पालघरच्या सरकारी कार्यालयात त्याचं कात्रण फाइलला लागतं, आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न विचारताना ते हातात धरतो. स्थानिक बातमीचा खरा वाचक पुष्कळदा गावात नसतो, कार्यालयात असतो.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला वाहनाने चिरडलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या जमिनींशी संबंधित एका माणसाविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. कोकणच्या त्या टोकाला घडलेली ती गोष्ट या टोकाच्या प्रत्येक तालुका वार्ताहराने वाचली. पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. पण ज्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, त्याने आपण पत्रकार आहोत हे पोलीस ठाण्यात कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न व्यवहारात उरतोच. लहान शहरात तर हल्ल्याचीही गरज नसते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो मुलाच्या शाळेच्या गेटवर रोज भेटतो.

यूट्यूब वाहिन्या आणि मोबाइलवरच्या बातमीपटांनी यातलं थोडं बदललं. जागेची अडचण संपली, ठाण्याच्या डेस्कची परवानगी लागत नाही, नाल्यातलं लाल पाणी थेट दाखवता येतं. पण जे दिसतं तेच चालतं, ही अट आणखी कडक झाली. वास तिथेही दाखवता येत नाही.

तेव्हा पाम-टेंभीच्या, किंवा कुठल्याही तशा गावच्या वाचकाने काय करावं? वार्ताहराला शिव्या देण्याआधी त्याचं काम थोडं सोपं करावं. वास आला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा वहीत लिहावी, महिनाभर चार घरांनी मिळून. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार लेखी द्यावी आणि पोचपावती जपावी. पाण्याचा नमुना तपासून अहवाल घ्यावा. माहितीच्या अधिकारात विचारावं की मागच्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि किती कारखान्यांना नोटिसा गेल्या. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात, तिथे ठराव करून घ्यावा. ठरावाला तारीख असते, नोंदवहीत क्रमांक असतो, सरपंचाची सही असते. एवढं हातात ठेवलं तर वार्ताहराला स्वतःच्या भरवशावर आरोप करावा लागत नाही, आणि डेस्कच्या 'आज काय झालं?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असतं. बातमी छापून आली की मात्र तिथे थांबू नका. आठ दिवसांनी त्याच वार्ताहराला फोन करा आणि विचारा, अधिकारी 'माहिती घेऊन सांगतो' म्हणाले होते, त्यांनी काय सांगितलं? आणि पुढच्या वेळी बोईसर स्टेशनवर वाट बघताना, जमलं तर, अंक विकत घ्या.